चार झेंड्यांखालची तिरंदाज

नतालिया व्हालेयेव्हा नक्की कोणाची? सोव्हिएत संघाची, मोल्दोव्हाची की इटलीची? नोंदी पाहिल्या तर तिघांचाही दावा खरा ठरतो, आणि त्यात माजी सोव्हिएत प्रजासत्ताकांच्या 1992 च्या ऑलिंपिकमधल्या संयुक्त संघाची भर पडते.

तिचा जन्म 1969 मध्ये तेव्हाच्या सोव्हिएत मोल्दाव्हियातील स्लोबोझियाचा. तिरास्पोलजवळचं हे गाव नीस्टर नदीच्या डाव्या तीरावर आहे. तिची तिरंदाजी घडली ती सोव्हिएत व्यवस्थेत. ऑगस्ट 1991 मध्ये मोल्दोव्हा स्वतंत्र झाला, वर्षअखेरीस सोव्हिएत संघच संपला. 1992 मध्ये मोल्दोव्हा आणि डाव्या तीरावरचे फुटीर यांच्यात नीस्टरकाठी युद्ध पेटलं. युद्धबंदीचा करार झाला 21 जुलैला, आणि चारच दिवसांनी बार्सिलोना ऑलिंपिकचं उद्घाटन होतं.

तिथे माजी सोव्हिएत प्रजासत्ताकांचे बहुतेक खेळाडू एकाच संघातून उतरले. वैयक्तिक पदक मिळालं तर खेळाडूच्या प्रजासत्ताकाचा झेंडा, सांघिक पदकाला ऑलिंपिकचा, अशी तोड काढलेली होती. महिला तिरंदाजीत पहिल्या दोन जागा दक्षिण कोरियाच्या चो युन-जोंग आणि किम सू-न्योंग यांच्या, तिसरी व्हालेयेव्हा. युक्रेनची ल्युडमिला अर्झान्निकोव्हा आणि जॉर्जियाची खातुना क्व्रिविश्विली यांच्या साथीने सांघिक कांस्यही तिला मिळालं. म्हणजे एकाच स्पर्धेतल्या तिच्या दोन पदकांना दोन वेगळे झेंडे. पदकतक्त्यात मात्र दोन्ही संयुक्त संघाच्याच नावावर! मोल्दोव्हाचं ऑलिंपिक खातं अधिकृतपणे उघडलं ते 1996 मध्ये अटलांटात, कनूइंगमधलं रौप्य आणि कुस्तीतलं कांस्य मिळाल्यावर.

त्याआधी, 1995 मध्ये, जकार्ताच्या जागतिक स्पर्धेत तिने मोल्दोव्हाला वैयक्तिक विश्वविजेतेपद मिळवून दिलं होतं. माझ्या मते तिच्या कारकिर्दीतली मोल्दोव्हासाठीची सर्वांत निखळ कमाई हीच, कारण त्या सुवर्णावर दुसऱ्या कोणाचा हक्क पोहोचत नाही. अटलांटातही ती मोल्दोव्हाकडूनच खेळली.

पुढे लग्नामुळे ती इटलीची नागरिक झाली. सिडनी, अथेन्स, बीजिंग आणि लंडन ही चार ऑलिंपिक ती इटलीकडून खेळली, म्हणजे एकूण सहा. त्यांत बार्सिलोनानंतर एकही पदक नाही. पण 2007 मध्ये लाइपझिगला, सदतिसाव्या वर्षी, ती पुन्हा वैयक्तिक विश्वविजेती झाली. दोन विजेतेपदांत बारा वर्षांचं अंतर, तेही कोरियन मुलींचा दबदबा असलेल्या खेळात. ऑलिंपिक पदकांवरूनच थोरवी मोजायची आपल्याकडे सवय आहे. त्या मापात व्हालेयेव्हा बसत नाही.

भारतीय चाहत्यांनी तिला 2011 मध्ये तुरिनला पाहिलं असेल. दीपिका कुमारी, बोम्बायला देवी आणि चेक्रोव्होलू स्वुरो जागतिक सांघिक अंतिम फेरीत पोचल्या आणि इटलीकडून हरून रौप्यावर थांबल्या. सार्तोरी आणि तोमासी यांच्याबरोबर समोर उभी होती एक्केचाळीस वर्षांची व्हालेयेव्हा. दीपिका तेव्हा सतरा वर्षांची होती.