रात्रीच्या समुद्रातला शार्क कुठल्या रंगाचा?

माझी भाची दुसरीत आहे. तिच्या चित्रवहीत परवा एक पान निघालं: वर पौर्णिमेचा चंद्र, खाली समुद्र आणि मधोमध शार्क. आकाशाला गडद निळा लावून झाला, समुद्रालाही तोच, आणि शार्कपाशी येऊन तिचा हात थांबला. "मावशी, रात्री शार्क कुठल्या रंगाचा दिसतो?"

राखाडी, असं ओठांवर आलं होतं. पण ते दिवसाचं उत्तर झालं. तिने रात्रीचं विचारलं होतं.

आधी त्या निळ्याचं बघू. चंद्रप्रकाश निळा नसतो. तो सूर्याचाच प्रकाश, चंद्राच्या धुळीवरून परत येताना किंचित तांबूसच झालेला. पौर्णिमेलाही तो उन्हाच्या सुमारे ४ लाख पटींनी मंद असतो. अशा रात्री कॅमेऱ्याचं शटर बराच वेळ उघडं ठेवून फोटो काढला, तर झाडं चक्क हिरवी आणि आकाश निळं येतं, जणू दुपारीच तारे उगवलेत. म्हणजे रंग तिथे असतात, आपल्या डोळ्यांना ते उचलता येत नाहीत. रंग ओळखणाऱ्या शंकूपेशींना भरपूर उजेड लागतो. तो संपला की कारभार दंडपेशींकडे जातो. त्यांना रंग कळत नाही, फक्त कमी-जास्त उजेड कळतो, आणि लाल प्रकाश तर त्यांना जवळजवळ दिसतच नाही.

हे घरीच करून बघता येतं. कुंडीतल्या जास्वंदीकडे दुपारी बघा, मग दिवेलागणीनंतर दिवा न लावता पुन्हा बघा. दुपारी लक्ष वेधणारं लाल फूल काळपट पडलेलं असतं आणि पानं मात्र अजून उजळ असतात. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने हीच गोष्ट पहाटेच्या फुलांवर टिपली. तिला आजही त्याचंच नाव आहे.

लाल खडू पेटीत परत ठेवायला आणखी एक कारण आहे. पाणी लाल प्रकाश पहिल्या काही मीटरांतच शोषून घेतं. निळा सर्वांत खोल जातो. त्यामुळे खोल पाण्यात भर दुपारीसुद्धा रक्त लाल दिसत नाही. रात्री तर प्रश्नच नाही.

आता शार्क. मासळीबाजारात मुशी बघितली असेल, किंवा मालवणकडची मोरी, तर तिची पाठ आणि पोट आठवा. पाठ राखाडी, पोट पांढरं. हा फरक समजावून सांगणारा माणूस चित्रकार होता, हे मला फार आवडतं. अ‍ॅबट थेयर हा अमेरिकन चित्रकार. गोल वस्तू गोल दिसावी म्हणून चित्रकार काय करतो? वरची बाजू उजळ ठेवतो, खालच्या बाजूला सावली देतो. प्राण्यांच्या अंगावर थेयरला नेमकं याच्या उलट दिसलं. उजेड वरून पडतो तिथे गडद रंग, सावली पडते तिथे फिका. दोन्ही एकमेकांना खोडून काढतात, शरीराचा गोलावा मावळतो आणि प्राणी मागच्या दृश्यात विरघळतो. १८९६ मध्ये त्याने हे लिहून प्रसिद्ध केलं. लाकडी बदकं तशी रंगवून लोकांना दाखवलीही. पुढे तो वाहवत गेला, फ्लेमिंगो गुलाबी असतात ते सूर्यास्ताच्या आकाशात लपण्यासाठी, असंही म्हणू लागला. ते काही टिकलं नाही. पण पाठ-पोटाची गोष्ट टिकली. चित्रकार सावलीने वस्तू उभी करतो, शार्कचं अंग तीच सावली पुसून टाकतं.

म्हणून चांदण्यातल्या शार्कची पाठ रंगवायला वेगळा खडू लागतच नाही, समुद्राचाच पुरतो. पण खालून बघितलं तर? वर चांदणं असतं आणि कितीही पांढरं पोट त्यापुढे काळंच दिसतं.

यावर काही शार्कांनी काढलेला उपाय अजब आहे. न्यूझीलंडच्या पूर्वेला चॅथम राइज नावाचा समुद्रातला उंचवटा आहे. तिथे जानेवारी २०२० मध्ये जाळ्यात आलेल्या खोल पाण्यातल्या तीन जातींच्या शार्कांचा स्वतःचा निळसर उजेड शास्त्रज्ञांनी टिपला. त्यातला काइटफिन शार्क १८० सेंटीमीटरपर्यंत वाढतो. प्रकाशणाऱ्या पृष्ठवंशी प्राण्यांत आज माहीत असलेला हा सर्वांत मोठा. त्वचेतले हजारो बारीक प्रकाशबिंदू पोटाकडे दाटलेले असतात. वरून झिरपणाऱ्या मंद निळ्या उजेडात पोटाचा उजेड मिसळला की खालच्याला सावली दिसत नाही. चकाकणाऱ्या शार्कांवरच्या प्रयोगांत हा दिवा लावणारं रसायन सापडलं, ते मेलाटोनिन. आपल्या शरीराला रात्र झाल्याचं कळवणारं संप्रेरक तेच.

चित्रातला शार्क मात्र लाटांजवळ आहे, त्याच्यापाशी असा दिवा नाही. तरी आपल्या किनाऱ्यावर त्याच्याभोवती निळी रेघ ओढायला हरकत नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये जुहूच्या लाटा रात्री निळ्या चमकल्या, कोकणातही ठिकठिकाणी हे दिसलं. ही नॉक्टिल्युका या एकपेशीय जीवाची करामत. रव्याच्या कणाएवढा जीव, पाणी हललं की सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षाही कमी वेळ लकाकतो. अशा पाण्यातून मासा गेला की त्याच्या हालचालीनेच त्याची आकृती उमटते. लपण्यासाठी घडलेलं अंग असं उघडं पडतं.

भाचीने शार्कला पिवळा डोळा काढला होता. तो मी तिला काळा करायला सांगितला. शार्कच्या डोळ्यात पडद्यामागे स्फटिकांचा आरसा असतो, मांजरासारखा. हातून निसटलेला प्रकाश तो पुन्हा पेशींकडे पाठवतो. पण डोळा चमकलेला दिसायला बघणाऱ्याच्या बाजूने विजेरी लागते. चंद्र तर वर होता.

"मग त्याला माझा निळा दिसेल?" तिने विचारलं. ऑस्ट्रेलियात १७ जातींचे शार्क तपासून २०११ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. १० जातींत शंकूपेशी सापडल्याच नाहीत, उरलेल्या ७ जातींत एकाच प्रकारच्या होत्या. रंगांत फरक करायला निदान दोन प्रकार लागतात. म्हणजे त्यांना भर दिवसाही बहुधा उजेड आणि अंधारच कळतो.

तिने थोडा वेळ विचार केला, खडूंची पेटी बंद केली आणि शिसपेन्सिल घेतली. पुढच्या कोऱ्या पानावर खालून दिसणारी होडी काढायला ती बसली, आणि होडीचा तळ तिने गच्च काळा केला.