हाडात गेला तरी कॅन्सर स्तनाचाच

ऑक्टोबर आला की नाशिकमध्येही गुलाबी फिती दिसू लागतात. लवकर तपासा, जीव वाचवा. चांगलेच आहे. पण जिचा आजार आधीच मणक्यात नाहीतर यकृतात पोहोचला आहे, तिच्यासाठी त्या फलकांवर एक ओळही नसते. तिच्या कानावर पडते ते एवढेच: चौथी स्टेज ना, मग आता काय राहिलंय?

बरेच राहिले आहे. एक तर स्तनातून हाडात गेलेला कॅन्सर हा हाडाचा कॅन्सर नसतो. पेशी स्तनाच्याच असतात आणि त्यांच्यात कोणते ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे बाहेरचा संदेश घेणारी प्रथिने) आहेत यावर औषध ठरते. म्हणून फाइलमधला सर्वांत मोलाचा कागद म्हणजे ईआर (इस्ट्रोजेनचा ग्राहक), पीआर (प्रोजेस्टेरॉनचा ग्राहक) आणि हर-टू (वाढीचा संदेश घेणारा ग्राहक) लिहिलेला आयएचसी रिपोर्ट, म्हणजे पेशी रंगवून ग्राहक शोधणाऱ्या तपासणीचा. आजार नव्या जागी दिसला तर शक्यतो तिथला तुकडा सुईने काढून (बायोप्सी) पुन्हा तपासतात, कारण ग्राहक बदललेले असू शकतात. नेमका इथे ‘सुई टोचली की कॅन्सर पसरतो’ हा समज आडवा येतो. जो आधीच पसरला आहे, त्याच्याबाबतीतही लोक हे ठामपणे सांगतात!

ईआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह असा रिपोर्ट असला, तर पुष्कळदा सुरुवात केमोने होत नाही, गोळ्यांनी होते. त्यातली एक इस्ट्रोजेनची रसद तोडते, उदाहरणार्थ लेट्रोझोल. दुसरी पाल्बोसिक्लिबसारखी. हिची गोष्ट मला फार आवडते, जरा सविस्तर सांगतो.

१९८२ साली ब्रिटिश शास्त्रज्ञ टिम हंट समुद्री अर्चिन या काटेरी सागरी प्राण्याच्या अंड्यांवर काम करत होते. एक प्रथिन हळूहळू साठायचे आणि अंडे विभागले की गायब व्हायचे, पुन्हा साठायचे, पुन्हा गायब. त्याचे नाव सायक्लिन. २००१चे नोबेल या संशोधनाला मिळाले, दोघा सहकारी मानकऱ्यांसोबत. आपल्या पेशीत आरबी नावाचे प्रथिन ई२एफ या दुसऱ्या प्रथिनाला धरून ठेवते. ई२एफ सुटले की डीएनएची नक्कल सुरू होते आणि पेशी विभाजनाच्या वाटेला लागते. आरबीची ही कडी काढतात सीडीके४ आणि सीडीके६ ही विकरे (एन्झाइम): ती आरबीला फॉस्फेट चिकटवतात, त्याची पकड सुटते. पण या विकरांना जोडीला सायक्लिन डी, म्हणजे हंट यांच्या सायक्लिनचेच भावंड लागते, आणि ईआर पॉझिटिव्ह पेशीत इस्ट्रोजेन हेच सायक्लिन डी वाढवत असते. विकराच्या ज्या खोबणीत एटीपी (फॉस्फेट पुरवणारा रेणू) बसतो, तिथे पाल्बोसिक्लिब जाऊन बसते. फॉस्फेट चिकटत नाही, कडी निघत नाही, पेशी जागीच थांबते.

म्हणून ही चमत्कारी गोळी झाली का? नाही. पालोमा-२ या चाचणीत आजार आटोक्यात राहण्याचा मध्यक काळ नुसत्या लेट्रोझोलवर १४.५ महिने होता, पाल्बोसिक्लिबच्या जोडीने २४.८. एकूण आयुर्मानात मात्र तिथे ठोस फरक दिसला नाही. तो याच गटातल्या रायबोसिक्लिबच्या चाचणीत दिसला. ‘मुळापासून बरा’ म्हणणाऱ्या जाहिरातींना असे आकडे द्यावे लागत नाहीत.

भारतात पाल्बोसिक्लिबचे पेटंट जानेवारी २०२३मध्ये संपले, देशी कंपन्यांच्या गोळ्या आल्या आणि किंमत बरीच उतरली. तरी ती माहिती सुरगाणा-पेठपर्यंत पोहोचलेली असेलच असे नाही. रुग्णालयात महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा आरोग्यमित्र बसतो. आपल्या औषधाला योजना लागू आहे का, हे त्याला आधीच विचारावे. गोळी घरी घेता येते, रक्ततपासणी जवळच्या लॅबमध्ये होते, त्यामुळे दर वेळी मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयाची वारी नको. कधी कुठे जायचे, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.

द्राक्षाच्या गावात एक प्रश्न हमखास येतो: गोळी चालू असताना द्राक्षे बंद का? वर्ज्य आहे ते ग्रेपफ्रूट, म्हणजे पपनसाचा भाऊबंद. त्यातली रसायने औषध मोडणारे आतड्यातले विकर निकामी करतात आणि रक्तात औषध जास्त साठते. पपनसही टाळावे. द्राक्षे खुशाल खा, धुऊन.

गोळी २१ दिवस घ्यायची आणि ७ दिवस बंद ठेवायची, कारण अस्थिमज्जेतल्या पेशींनाही तीच कडी असते. पांढऱ्या पेशी घटतात आणि त्या आठवड्यात सावरतात. म्हणून सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजणारी तपासणी, चुकवू नये. आणि ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला, तर क्रोसिन घेऊन सकाळची वाट पाहायची नाही, रात्र असली तरी रुग्णालयात जायचे.