अ‍ॅलर्जीतला खरा आरोपी आधीच दिसला होता, पण…

शेंगदाण्याचा एक दाणा किंवा गांधीलमाशीचा एक डंख, आणि पाच-दहा मिनिटात माणसाचा घसा सुजतो, बीपी खाली जातो. हे नेमकं करतं कोण ते कळायला शंभरेक वर्षं गेली, आणि गंमत म्हणजे जी पेशी हे करते ती सगळ्यात आधी सापडली होती.

१८७८ मध्ये पॉल एर्लिख नावाच्या जर्मन विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात दाण्यांनी गच्च भरलेल्या पेशींबद्दल लिहिलं. त्याला वाटलं यांना खाऊन खाऊन अजीर्ण झालंय, म्हणून नाव दिलं मास्टझेलेन, म्हणजे खाऊन लठ्ठ झालेल्या पेशी. (आपण आजही मास्ट सेलच म्हणतो, चुकीच्या समजुतीवरचं नाव पण चिकटलं ते चिकटलंच.)

मग १९०१ मध्ये मोनॅकोच्या राजाच्या जहाजावर शार्ल रिशे आणि पोर्तिए हे फ्रेंच शास्त्रज्ञ समुद्री जीवांच्या विषावर काम करत होते, आणि परत आल्यावर सी अ‍ॅनिमोन या समुद्री जीवाच्या विषाचे प्रयोग कुत्र्यांवर सुरू केले. नेपच्यून नावाच्या धडधाकट कुत्र्याला पहिल्या डोसने काहीच झालं नाही, २२ दिवसांनी तेवढाच डोस पुन्हा दिला तर २५ मिनिटात गेला बिचारा. खरं तर विषाची सवय होऊन शरीर टणक व्हायला हवं होतं, झालं उलटं, म्हणून नाव पडलं अ‍ॅनाफायलॅक्सिस, म्हणजे संरक्षणाच्या उलट. १९१३ चं नोबेल रिशेला मिळालं, कारण मात्र कोणालाच माहीत नव्हतं.

१९२१ चा प्रयोग माझा सगळ्यात आवडता. क्युस्टनर नावाच्या डॉक्टरला माशाची अ‍ॅलर्जी होती, त्याचं सीरम (रक्तातला पातळ भाग) त्याचा सहकारी प्राउसनिट्झने स्वतःच्या पोटाच्या कातडीत टोचून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी तिथेच माशाचा अर्क टोचला, तर गांध उठली! म्हणजे रक्तात काहीतरी आहे एवढं पक्कं झालं. ते काहीतरी म्हणजे आयजीई ही अँटीबॉडी, पण ती इशिझाका या शास्त्रज्ञ नवराबायकोला सापडेपर्यंत १९६६ उजाडलं.

मधे १९५३ मध्ये रायली आणि वेस्ट या शास्त्रज्ञांनी दाखवलं की त्या "लठ्ठ" पेशींच्या दाण्यांमध्ये हिस्टामीन असतं, म्हणजे सूज आणि खाज आणणारं रसायन. आता जोडा: आयजीई मास्ट सेलवर चिकटून बसलेली असते, ज्याची अ‍ॅलर्जी आहे तोच पदार्थ परत आला की दोन-दोन आयजीईंना एकत्र ओढतो, पेशी दाणे बाहेर फेकते, रक्तवाहिन्या पाझरायला लागतात. म्हणूनच पहिल्या वेळी बहुतेकदा काही होत नाही, नेपच्यूनसारखं.

आयजीईला पेशीवर बसूच न देणारं ओमालिझुमॅब हे औषध अमेरिकेत २०२४ पासून खाण्याच्या अ‍ॅलर्जीसाठीही मिळतं, पण अटॅक आलाच तर त्याचा उपयोग नाही, तेव्हा मांडीत अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शनच.