दाखवले तेवढेच आहे का?

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी नागपुरात महाल भागातल्या गल्ल्या दुपारपासूनच लाकडी बैलांच्या चाकांनी खडखडू लागतात. पोळा झाला की दुसरा दिवस मुलांचा. सजवलेला नंदी दोरीने ओढत घरोघर जायचे आणि बोजारा, म्हणजे खाऊ किंवा पैसे, घ्यायचा. गेल्या वर्षी माझ्या साडेतीन वर्षांच्या नातीच्या हाती पहिल्यांदाच स्वतःचा नंदी आला. वीतभर उंचीचा, पिवळ्या रंगाचा, शिंगांना बेगड आणि पाठीवर जरीच्या काठाची झूल. तिने तो हातात घेतला आणि सर्वांत आधी उलटा केला. ओसरीवर बसून ती एकेक चाक बोटाने फिरवू लागली. तीन चाके भिरभिर फिरत होती, मागचे डावे मात्र अडत होते. ती पुन्हा पुन्हा त्याच चाकाकडे येत होती. एकदा पुढे, एकदा मागे, एकदा जोर लावून, एकदा हलकेच. तिने त्याला कानही लावून पाहिला. तेवढ्यात तिची आजी बाहेर आली. "अगं बाई, काय करून राहिली? झूल चुरगळेल ना! हा असा धरायचा आणि असा ओढायचा," असे म्हणत आजीने नंदी सरळ उभा केला, दोरी तिच्या हातात दिली आणि दोन पावले ओढून दाखवला. नातीने मान डोलावली आणि ती नंदी ओढू लागली. त्यानंतर बराच वेळ तिने चाकांकडे पाहिलेसुद्धा नाही.

आजी रागावली म्हणून पोर गप्प झाली, असे कोणीही म्हणेल. मला तसे वाटत नाही, कारण आजीच्या बोलण्यात राग नव्हता आणि नातीच्या चेहऱ्यावर हिरमुसलेपण नव्हते. तिने चाकांचा नाद सोडला तो "दाखवले तेवढेच यात आहे" या अनुमानामुळे, असे मला वाटते, आणि ते अनुमान साडेतीन वर्षांच्या मुलीला शोभण्याहून बरेच अधिक तर्कशुद्ध आहे. एका मुलीच्या एका दुपारवरून काहीच सिद्ध होत नाही, हे खरे. परंतु नेमक्या याच गोष्टीवर गेल्या दोन दशकांत अतिशय काळजीपूर्वक प्रयोग झाले आहेत, आणि बालवाडीच्या दारात उभे राहून "इथे नुसते खेळवतात, शिकवत काहीच नाहीत" अशी तक्रार करणाऱ्या पालकांपर्यंत ते पोहोचले पाहिजेत, असे मला मनापासून वाटते.

त्या तक्रारीमागे असा समज असतो की खेळ म्हणजे विरंगुळा आणि शिकणे म्हणजे काम. लॉरा शुल्झ आणि एलिझाबेथ बोनाविट्झ या दोन संशोधकांचा २००७ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग या समजाला चांगलाच धक्का देतो. बालवाडीच्या वयाच्या मुलांसमोर दोन दांड्यांची एक पेटी ठेवली होती. काही मुलांपुढे दोन्ही दांडे एकाच वेळी दाबले गेले आणि पेटीतून दोन बाहुल्या एकदम वर आल्या. कोणत्या दांड्याने कोणती बाहुली येते हे त्यावरून कळणे शक्यच नव्हते. इतर मुलांना दांडे एकेक करून दाबलेले दिसले, त्यामुळे त्यांच्या मनात कोडे उरले नाही. नंतर ही पेटी आणि एक कोरी नवी पेटी अशा दोन्ही समोर ठेवल्या. नवे खेळणे दिसले की जुने टाकायचे, हा मुलांचा स्वभावच. ज्यांना सारे स्पष्ट कळले होते ती मुले तशीच वागली. ज्यांच्यासमोर कोडे शिल्लक होते ती मात्र जुन्याच पेटीशी अधिक वेळ खेळत राहिली. मुलांचा खेळ ज्ञानातल्या फटीकडे वळतो, असा त्याचा अर्थ.

हे वळण बोलता येण्याआधीपासून असते. एमी स्टॉल आणि लिसा फायगेन्सन यांनी २०१५ मध्ये अकरा महिन्यांच्या बाळांना अशक्य वाटणारे देखावे दाखवले. एका देखाव्यात चेंडू जणू भिंतीतून आरपार गेला, दुसऱ्यात मोटारगाडी आधाराशिवाय हवेत राहिली. नंतर खेळणी हाती दिल्यावर ज्यांनी चेंडू भिंतीतून जाताना पाहिला होता ती बाळे चेंडू आपटून पाहू लागली आणि ज्यांनी गाडी तरंगताना पाहिली होती ती गाडी खाली टाकून पाहू लागली. चेंडू घट्ट आहे का, गाडी पडते का, हेच दोन प्रश्न त्यांना पडले असावेत, आणि प्रत्येकाने आपल्या प्रश्नाला साजेसाच प्रयोग निवडला.

आता आजीच्या दाखवण्याकडे येऊ. बोनाविट्झ, शुल्झ, पॅट्रिक शाफ्टो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे, म्हणून त्यावर थोडे रेंगाळतो. त्यांनी नळ्या जोडून मुलांना अगदी अनोळखी असे एक खेळणे बनवले आणि त्यात चार गमती लपवल्या. एक नळी दुसरीतून ओढली की 'चूं' असा आवाज येई, एके ठिकाणी दिवा लागे, एके ठिकाणी सूर वाजत आणि एका नळीत डोकावले की आरसा दिसे. मुले चार ते सहा वर्षांची होती. काहींना संशोधिकेने सांगितले, "हे माझे खेळणे आहे, ते कसे चालते ते मी तुला दाखवते," आणि फक्त 'चूं' करून दाखवले. काहींसमोर तिचा हात जणू चुकून नळीला लागला आणि आवाज झाला. काहींना तिने शिकवायला सुरुवात केली, 'चूं' केले आणि लगेच "अरे, मला तिकडे काही लिहून ठेवायचे राहिले" असे म्हणून ती निघून गेली. काहींना काहीच दाखवले नाही. मग प्रत्येक मुलाला खेळण्याबरोबर एकटे सोडले. ज्यांना नीट, पूर्ण शिकवले होते, ती मुले सर्वांत कमी वेळ खेळली, 'चूं' मध्येच अधिक रमली आणि त्यांना उरलेल्या गमती सर्वांत कमी सापडल्या. शिकवणे अर्धवट तुटलेली मुले मात्र इतरांइतकीच शोधत राहिली.

असे का व्हावे? येथे थोडे गणित करावे लागेल, पण ते पाढ्यांपलीकडचे नाही. समजा, शंभर अनोळखी खेळणी आहेत. त्यांपैकी ५० खेळण्यांत एकच गंमत आहे आणि ५० खेळण्यांत चार. जाणकार आणि प्रामाणिक शिक्षिका एकेक खेळणे मुलाला समजावते. एक गमतीची पन्नासही खेळणी ती एकच गोष्ट दाखवून संपवील, कारण दाखवायला दुसरे काही नाहीच. चार गमतींच्या खेळण्यात मात्र एकच गोष्ट दाखवून ती थांबणे विरळा. दहांत एकदा तसे घडते असे मानू, म्हणजे ५० पैकी ५ वेळा. म्हणजे ज्या खेळण्यांबाबत एकच गोष्ट दाखवली गेली अशी एकूण ५५ झाली, आणि त्यांतल्या ५० मध्ये खरोखरच दुसरे काही नाही. ५० भागिले ५५ म्हणजे सुमारे ९१ टक्के. "बाईंनी एवढेच दाखवले, म्हणजे एवढेच आहे," असे मानणारे मूल दहांत नऊ वेळा बरोबर ठरेल.

हात चुकून लागला असेल तर हिशेब बदलतो. चुकून लागणारा हात आत किती गमती आहेत हे पाहून लागत नाही. समजा, दोन्ही प्रकारच्या ५०-५० खेळण्यांत तो २०-२० वेळा नेमका त्या नळीला लागला. तर ४० पैकी २० मध्ये आणखी काही दडलेले आहे, म्हणजे शक्यता निम्मी, अगदी आधीइतकीच. शिक्षिका मध्येच उठून गेली तरी तसेच होते, कारण उठून जाणारी व्यक्ती चार गमतींच्या खेळण्यातही पहिलीच गोष्ट दाखवून थांबणार. तिच्या थांबण्याला वेगळे कारण मिळाल्यामुळे त्या थांबण्याला खेळण्याविषयी काहीच सांगता येत नाही. पुराव्यानुसार शक्यता अशी बदलण्याची रीत अठराव्या शतकातले इंग्रज धर्मोपदेशक थॉमस बेझ यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांचा निबंध त्यांच्या मृत्यूनंतर १७६३ मध्ये प्रसिद्ध झाला. वरचे आकडे मी सोयीसाठी घेतले आहेत आणि मूल मनात भागाकार करते असा दावा कोणीच करत नाही. परंतु मुलांच्या वागण्याची दिशा या हिशेबाशी जुळते, आणि ती किती बारकाईने जुळते हे त्याच संशोधनाच्या दुसऱ्या भागात दिसले. दुसऱ्या मुलाला शिकवलेले कानावर पडले तरी ऐकणाऱ्या मुलाचा शोध आखडला. मोठ्या माणसाला शिकवलेले पाहिले तेव्हा तो आखडला नाही. शिकवणे कोणासाठी होते आणि आपण त्यात मोडतो का, हेही मुले मोजतात. पुढे २०१४ मध्ये ह्योवॉन ग्वेऑन आणि सहकाऱ्यांना असे आढळले की चारांपैकी एकच गोष्ट शिकवणाऱ्या शिक्षकाला सहा-सात वर्षांची मुले कमी गुण देतात, आणि त्याच शिक्षकाने दुसरे खेळणे दाखवले तर ते अधिक कसून तपासतात. एकदा अपुरे शिकवले की पुढच्या वेळी त्या शिक्षकाच्या शब्दाचे वजन कमी.

यावरून शिकवू नये असा निष्कर्ष काढणे मोठी चूक ठरेल. ग्योर्ग गेर्गेली आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये चौदा महिन्यांच्या बाळांना एक बाई कपाळ टेकवून दिवा लावताना दाखवली. तिचे हात मोकळे असूनही तिने कपाळ वापरले, तेव्हा ६९ टक्के बाळांनी नंतर कपाळच टेकवले. तिचे हात अंगावरची चादर धरण्यात गुंतलेले होते, तेव्हा २१ टक्क्यांनीच तसे केले, बाकीच्यांनी सरळ हाताने दिवा लावला. मूल आंधळी नक्कल करत नाही. मोठ्यांच्या कृतीमागचे कारण ते शोधते, आणि कारण दिसत नसेल तर "यात काहीतरी रीत असणार" असे मानून ती रीत उचलते. लिपी, अंक, नात्यांची नावे, सणाचे शिष्टाचार या गोष्टी कितीही खेळून कोणाला सापडणार नाहीत. 'क' च्या आकारात 'क' चा उच्चार लपलेला नसतो. तो कोणीतरी सांगावाच लागतो. चाक का अडते हे मात्र चाकातच लिहिलेले असते.

दोन्हींचा मेळ कसा घालावा, याचे एक चांगले उदाहरण २०१३ मध्ये केली फिशर, कॅथी हर्श-पासेक आणि सहकाऱ्यांनी दिले. चार-पाच वर्षांच्या मुलांना भौमितिक आकार शिकवायचे होते. एका गटाला मोठ्यांनी सारे समजावले, एका गटाला आकार खेळायला दिले, आणि तिसऱ्या गटाला "या आकारांचे गुपित शोधू या" असे म्हणून नेमक्या ठिकाणी प्रश्न विचारत खेळवले. लांबुळका, वाकडा, उलटा त्रिकोणही त्रिकोणच असतो, हे तिसऱ्या गटाला सर्वांत चांगले उमगले आणि आठवड्यानंतरही ते टिकले होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडला अंगणात बालवाडी भरवली, परिसरातल्याच वस्तू मुलांच्या हाती दिल्या, त्याला अनेक दशके लोटली. आपल्याकडे ही दृष्टी बाहेरून आणावी लागलेली नाही. गांधीसागर तलावाजवळच्या रमण विज्ञान केंद्रात मी नातीला घेऊन जातो तेव्हा "हे बटण दाब, असे होते, चल पुढे" असे म्हणत मुलांना ओढत नेणारे आईवडील दिसतात, आणि त्यांना थांबवून एवढेच सांगावेसे वाटते की "यात आणखी काय आहे ते मलाही पाहायचे आहे" असे एक वाक्य जोडा, म्हणजे तुमचे थांबणे मुलाला शेवट वाटणार नाही.

आणखी एका गोष्टीबद्दल मला स्पष्टच बोलले पाहिजे. उन्हाळी सुट्टी आली की वृत्तपत्रात घालून पत्रके येतात: तुमच्या मुलाचा 'मिडब्रेन' जागृत करा, ते डोळ्यांवर पट्टी बांधून वाचू लागेल. मध्यमेंदू जन्मापासूनच जागा असतो. डोळ्यांच्या हालचाली आणि आवाजाकडे वळणे यांसारखी कामे तो करतच असतो. पट्टी बांधलेले मूल नाकाच्या कडेला राहणाऱ्या फटीतून पाहते. पुस्तक कपाळासमोर धरा किंवा हनुवटीखाली जाड पुठ्ठा लावा, वाचन थांबते. या वर्गांचे शुल्क जाते ते एकवेळ परवडेल. परंतु ज्या वयात मूल जगाची तपासणी इतक्या सचोटीने करत असते, त्याच वयात त्याला फटीतून पाहून "दिसत नाही" म्हणायला शिकवणे हा त्या मुलावर अन्याय आहे.

तान्ह्या पोळ्याची संध्याकाळ अजून शिल्लक होती. आजीने शिकवल्याप्रमाणे नात नंदी घेऊन शेजारी गेली, त्याचे तोंड दाराकडे केले आणि हात पुढे केला. पहिल्या घरी दहा रुपये मिळाले, दुसऱ्या घरी चॉकलेट. हे सारे तिला एकट्याने शोधून कधीच सापडले नसते. तिसऱ्या घरासमोरच्या खडबडीत फरशीवर मात्र मागचे डावे चाक घासू लागले आणि नंदी एका कुशीवर कलला. आजीने दाखवला तेव्हा तो असा कलला नव्हता. दार उघडायला थोडा वेळ लागत होता. ती पायरीवर बसली, झुलीसकट नंदी उलटा करून मांडीवर घेतला आणि त्या चाकाच्या आसावर नख घालून पाहू लागली. झुलीच्या काठाचा जरीचा एक धागा तिथे गुंडाळला गेला होता. ती हळूहळू उलगडत असताना दार उघडले, काकूंनी बोजारा पुढे केला, आणि तिने वर न पाहता एक हात पसरला.