प्रोग्रेसिव्ह रॉकच्या कॉन्सर्ट फिल्म : घरी पाहण्याची परंपरा

प्रोग्रेसिव्ह रॉक हा संगीतप्रकार मुख्यतः इंग्लंडमध्ये १९६० च्या दशकाच्या अखेरीस आकाराला आला. त्यातील मैफलींचे चित्रण घरच्या पडद्यावर, शक्यतो एकाच बैठकीत आणि चांगल्या ध्वनियंत्रणेवर पाहण्या-ऐकण्याची रीत हा या नोंदीचा विषय आहे. चाहत्यांच्या बोलण्यात या संगीताला ‘प्रॉग’ म्हणतात. पिंक फ्लॉइड, येस, जेनेसिस, किंग क्रिम्झन, इमर्सन लेक अँड पामर (पुढे ईएलपी), जेथ्रो टल हे इंग्लंडमधील आणि रश हा कॅनडातील गट या संदर्भात वारंवार येतात. या संगीताचा श्रोता पहिल्यापासून बसून ऐकणारा होता. वीस-वीस मिनिटांच्या रचना, मधेच बदलणारे ताल आणि वाद्यांची गर्दी यांमुळे नाचण्यापेक्षा लक्ष देण्याला महत्त्व आले. संगीताचे अभ्यासक एडवर्ड मॅकन यांनी प्रॉगच्या शैलीचा विचार करताना संगीत आणि शब्द यांच्या जोडीला दृश्य हे स्वतंत्र अंग मानले आहे. काही समीक्षक मंचावरील थाटाला वरून चढवलेला साज समजतात. फिल्म पाहताना मात्र मॅकन यांचे म्हणणे अधिक पटते, कारण कोणता आवाज कोणाच्या हातून निघतो हे दिसू लागले की गुंतागुंतीची रचना कानालाही सुटी होत जाते.

या प्रकारातील पहिली फिल्म कोणती, याविषयी एकमत नाही. ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’ आणि ‘कॉन्सर्ट फिल्म’ या दोन्ही संज्ञांच्या सीमा ढिल्या असल्याने ते होणेही कठीण आहे. डीप पर्पल आणि रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रा यांनी जॉन लॉर्ड यांची रचना २४ सप्टेंबर १९६९ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये सादर केली. माल्कम आर्नल्ड यांच्या संचालनाखालील या मैफलीचे चित्रण बीबीसीने १९७० मध्ये दाखवले. पण डीप पर्पल हा पुढे हार्ड रॉकचा गट म्हणून ओळखला गेल्यामुळे बहुतेक संकलक हे चित्रण पूर्वपीठिकेत ठेवतात. सॅन फ्रॅन्सिस्कोच्या केक्यूईडी या दूरचित्रवाणी केंद्राने एप्रिल १९७० मध्ये पिंक फ्लॉइडचे सुमारे तासभराचे वादन चित्रित केले. तो मात्र दूरचित्रवाणीचा कार्यक्रम होता. जर्मनीत रेडिओ ब्रेमेनच्या ‘बीट-क्लब’ या कार्यक्रमासाठी १९७० च्या आसपास झालेली चित्रणेही याच वर्गात मोडतात.

चित्रपट म्हणून तयार झालेल्या कृतींत दोन प्रमुख दावेदार उरतात. ईएलपीने मुसोर्गस्कीच्या १८७४ च्या पियानोरचनेवर बेतलेली ‘पिक्चर्स अ‍ॅट अ‍ॅन एक्झिबिशन’ ही रचना ९ डिसेंबर १९७० रोजी लंडनच्या लायसियम थिएटरमध्ये वाजवली आणि तिचे चित्रण झाले. त्याच नावाची प्रसिद्ध ध्वनिमुद्रिका मात्र या मैफलीची नाही. ती मार्च १९७१ मध्ये न्यूकॅसलच्या सिटी हॉलमध्ये ध्वनिमुद्रित झाली. जुन्या सूच्यांत या दोन मैफली एकच समजल्या गेल्याने बराच गोंधळ झाला आहे. फिल्मच्या चित्रपटगृहांतील प्रदर्शनाची वर्षेही १९७२ किंवा १९७३ अशी वेगवेगळी दिली जातात.

दुसरी दावेदार म्हणजे एड्रियन मेबेन दिग्दर्शित ‘पिंक फ्लॉइड : लाइव्ह अ‍ॅट पाँपेई’. ऑक्टोबर १९७१ मध्ये इटलीतील पाँपेईच्या प्राचीन रोमन अँफिथिएटरमध्ये, प्रेक्षकांविना, तिचे चित्रीकरण झाले. इसवी सनाच्या ७९ व्या वर्षी व्हेसूव्हियसच्या उद्रेकात गाडले गेलेले हे शहर रॉक गटाची वाद्ये आणि ध्वनिक्षेपक चालवण्याइतकी वीज कुठून देणार? अखेर गावातून लांब केबल ओढावी लागली आणि चित्रीकरणाचा बराच वेळ त्यातच गेला. ‘एकोज’, ‘अ सॉसरफुल ऑफ सीक्रेट्स’ आणि ‘वन ऑफ दीज डेज’ एवढ्याच रचना तिथे वाजवल्या गेल्या. उरलेले वादन पॅरिसच्या स्टुडिओत चित्रित झाले. सप्टेंबर १९७२ मध्ये एडिनबरो चित्रपट महोत्सवात ती प्रथम दाखवली गेली. म्हणजे चित्रीकरणाच्या तारखेने ईएलपी पुढे, तर नक्की माहीत असलेल्या प्रदर्शनाच्या तारखेने पिंक फ्लॉइड पुढे. ज्या फिल्ममध्ये प्रेक्षकच नाही तिला कॉन्सर्ट फिल्म म्हणावे का, असाही आक्षेप घेतला जातो. तो फारसा टिकणारा नाही. वादन तोंडदेखले नसून प्रत्यक्ष तिथेच ध्वनिमुद्रित व्हावे, असा गटाचा आग्रह होता. शिवाय घरी पाहणाऱ्याच्या दृष्टीने हा अभावच फिल्मचे बलस्थान ठरतो. टाळ्यांचा गजर मधे येत नाही आणि पडद्यासमोर बसलेला माणूसच तिचा एकमेव श्रोता होतो.

या फिल्मच्या आवृत्त्यांचा प्रश्न वेगळाच आहे. पहिली आवृत्ती सुमारे तासाभराची होती. १९७४ मध्ये तिला लंडनच्या अ‍ॅबे रोड स्टुडिओतील प्रसंग जोडून ती सुमारे ८० मिनिटांची करण्यात आली. ‘द डार्क साइड ऑफ द मून’ या ध्वनिमुद्रिकेच्या कामात गुंतलेला गट त्यात दिसतो. २००३ च्या डीव्हीडीसाठी मेबेन यांनी नवे संकलन करून अंतराळाची व संगणकनिर्मित दृश्ये घातली. त्याच तबकडीवर मूळ तासाभराची आवृत्ती होती आणि अनेक चाहते तबकडी लावून तीच पाहत. २०२५ मध्ये मूळ ३५ मिमी निगेटिव्हवरून केलेली आवृत्ती स्टीव्हन विल्सन यांच्या नव्या ध्वनिमिश्रणासह आधी चित्रपटगृहांत आणि लगेच ब्लू-रेवर आली. प्रथमच पाहणाऱ्याने हीच निवडावी. ‘वन ऑफ दीज डेज’मध्ये जवळजवळ सर्व वेळ ड्रमवादक निक मेसनच का दिसतात, तर इतर रिळे हरवली म्हणून, असे सांगितले जाते. कारण काहीही असो, एका वादकावर इतका वेळ स्थिरावलेली नजर या प्रकारात दुर्मीळ आहे आणि तिचे मोल मोठे आहे.

येसच्या ‘येससाँग्ज’चे चित्रीकरण डिसेंबर १९७२ मध्ये लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये झाले. पीटर नील दिग्दर्शित ही फिल्म १९७५ मध्ये प्रदर्शित झाली. जेनेसिसची १९७६ च्या दौऱ्यातील, टोनी मेलम दिग्दर्शित छोटी फिल्म १९७७ मध्ये इन्सब्रुकच्या हिवाळी ऑलिंपिकवरील चित्रपटाच्या जोडीने दाखवली गेली आणि पुढे २००७ च्या पुनःप्रकाशनातून घरोघरी पोचली.

घरी पाहण्याची रीत व्हिडिओ कॅसेटपासून सुरू झाली, असे सामान्यतः मानले जाते. इंग्लंडपुरते तरी तिचे मूळ थोडे मागे न्यावे लागते. त्या काळच्या दूरचित्रवाणीचा ध्वनी एकपदरी (मोनो) असे. बीबीसीने १९७७ पासून ‘साइट अँड साउंड इन कॉन्सर्ट’ या मालिकेत एकच मैफल एकाच वेळी दूरचित्रवाणीवर आणि रेडिओ १ वर स्टीरिओत प्रसारित केली. प्रेक्षकाने टीव्हीचा आवाज बंद करून चित्र तिथे पाहायचे आणि ध्वनी खोलीतल्या स्टीरिओवर ऐकायचा, अशी योजना होती. जेथ्रो टल, रेनेसान्स, जेंटल जायंट यांच्या मैफली या मार्गाने घरांत आल्या. ९ ऑक्टोबर १९७८ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधून जेथ्रो टलच्या मैफलीचा काही भाग उपग्रहाद्वारे थेट इंग्लंडमध्ये दाखवण्यात आला. चित्रासाठी एक यंत्र आणि ध्वनीसाठी दुसरे, ही या परंपरेची मूळ मांडणी. टीव्हीच्या अंगच्या स्पीकरवर विसंबायचे नाही हा चाहत्यांचा आजचा दंडकही तिथूनच आलेला दिसतो.

बीटामॅक्स १९७५ मध्ये आणि व्हीएचएस १९७६ मध्ये जपानात बाजारात आले. या कॅसेटींचा मूळ ध्वनी फितीच्या कडेने हळू सरकणाऱ्या अरुंद पट्टीवर नोंदला जाई. त्यामुळे मेलोट्रॉनसारख्या (फितीवरचे सूर वाजवणारे कळवाद्य) वाद्याचा मंद पसारा फितीच्या सुसकाऱ्यात बुडे. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात दोन्ही पद्धतींना हाय-फाय ध्वनी मिळाला आणि ही अडचण बरीचशी दूर झाली. मारिलियनची १९८३ ची हॅमरस्मिथ ओडियनमधील मैफल, येसची स्टीव्हन सोडरबर्ग दिग्दर्शित ‘९०१२लाइव्ह’ (१९८५) आणि रशच्या मैफली या काळात कॅसेटींवर आल्या.

फिल्मवरून व्हिडिओ करताना स्वर बदलतो, ही बाब जाणकारांत सर्वाधिक चर्चिली गेलेली आहे. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो. भारत आणि इंग्लंडसह बऱ्याच देशांत रूढ असलेली पाल ही दूरचित्रवाणीची पद्धत सेकंदाला २५ चौकटी दाखवे. सोपा उपाय म्हणून फिल्म सरळ २५ च्या गतीने चालवली जाई. चित्रातला हा चार टक्क्यांचा वेग डोळ्याला जाणवत नाही, पण ध्वनी त्याच प्रमाणात चढतो आणि पट्टी अर्ध्या स्वराच्या सुमारे सात दशांशाने वर जाते. पेटीच्या भाषेत सांगायचे तर काळी एकची रचना पांढरी दोनच्या दिशेने निम्म्याहून अधिक सरकते आणि दोन्हींपैकी कुठल्याच पट्टीला धड लागत नाही. २४ मिनिटांची रचना २३ मिनिटांत संपते. कथापटात हे खपून जाते. ध्वनिमुद्रिका पाठ असलेल्या श्रोत्याला मात्र पहिल्याच स्वराला खटकते, आणि गिटार घेऊन फिल्मबरोबर वाजवू पाहणाऱ्याची तर पंचाईतच होते. अमेरिकी एनटीएससी पद्धतीत चौकटी आळीपाळीने कमी-अधिक वेळ दाखवून हिशेब जुळवला जातो. गतीतील फरक हजारात एक एवढाच राहतो, म्हणून पट्टी बदलत नाही, पण हालचाल किंचित अडखळते. दूरचित्रवाणीसाठी मुळातच २५ च्या गतीने चित्रित केलेल्या कृतींना पालमध्ये हा दोष लागत नाही. त्यामुळे एखाद्या फिल्मची पाल आवृत्ती ‘चढी’ आहे असे सरसकट म्हणता येत नाही. प्रत्येक वेळी ती ध्वनिमुद्रिकेशी ताडून पाहावी लागते. ब्लू-रेवर २४ चौकटी जशाच्या तशा ठेवता येत असल्याने हा प्रश्न बहुतांशी मिटला.

रचनांच्या लांबीमुळे वेगळी अडचण उभी राहिली. लेझरडिस्क या डीव्हीडीपूर्वीच्या मोठ्या तबकडीच्या एका बाजूला फार तर तासभर मावे, म्हणून तबकडी उलटण्याची वेळ कुठे येणार हे निर्मात्याला ठरवावे लागे. दोन थरांच्या डीव्हीडीत एका थरावरून दुसऱ्यावर जाताना क्षणभर चित्र व ध्वनी थबकतो. तो क्षण दोन गाण्यांमध्ये साधला तर कळत नाही, पण येसच्या ‘क्लोज टू द एज’सारख्या सलग अठरा मिनिटांच्या रचनेत पडला तर रसभंग होतो.

डीव्हीडी (१९९६–९७) आणि ब्लू-रे (२००६) यांनी पाच-सहा स्पीकरांचा सभोवार ध्वनी घरात आणला. पिंक फ्लॉइडने १९६७ मध्येच लंडनच्या क्वीन एलिझाबेथ हॉलमध्ये श्रोत्यांभोवती ध्वनी फिरवण्याचा प्रयोग केला होता, हे ध्यानात घेता या संगीताला ही सोय उशिराच मिळाली म्हणायची. त्यांची ऑक्टोबर १९९४ मधील अर्ल्स कोर्टची मैफल ‘पल्स’ या नावाने १९९५ मध्ये कॅसेटवर आणि २००६ मध्ये डीव्हीडीवर आली. मधली अकरा वर्षे चाहते जुनी कॅसेट झिजवत होते. ही मैफल व्हिडिओवर चित्रित झालेली असल्याने तिच्या चित्राला मर्यादा आहेत. उलट ‘डेलिकेट साउंड ऑफ थंडर’ ही १९८८ ची मैफल ३५ मिमी फिल्मवर असल्यामुळे तीस वर्षांनी नव्याने तपशीलवार छापता आली. जुने चित्रण नव्याहून स्पष्ट असणे या क्षेत्रात नेहमीचे आहे.

संकलनाच्या शैलीविषयी दोन तट आहेत. दर दोन-तीन सेकंदांनी कोन बदलणारी शैली मैफलीतला जोश पोचवते, असे काहींचे म्हणणे. प्रॉगसाठी ती बाधक आहे. सात मात्रांचा ठेका चालू असताना ड्रमवादकाचे हात दिसत राहायला हवेत. किंग क्रिम्झनचे २०१६ मध्ये ब्लू-रेवर आलेले जपानमधील चित्रण या दृष्टीने आदर्श आहे. तीन ड्रमवादक मंचाच्या पुढच्या रांगेत, बाकीचे मागे, आणि कॅमेरा बहुधा शांत. याच्या दुसऱ्या टोकाला ‘रश इन रिओ’ आहे. नोव्हेंबर २००२ मध्ये रिओच्या माराकाना मैदानात सुमारे ४०,००० श्रोते ‘वायवायझेड’ या शब्दहीन रचनेची सुरावटही तोंडाने गातात. तिथे श्रोत्यांशिवाय फिल्मला अर्थच उरला नसता.

भारतात १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या सुमारास रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर पसरले, पण अमेरिकेहून आलेल्या एनटीएससी कॅसेटी बहुपद्धती यंत्राशिवाय नीट चालत नसत. रॉजर वॉटर्स यांची मुंबईतील मैफल (२००७), पोर्क्युपाइन ट्री या इंग्लिश गटाचे पवईच्या आयआयटीतील ‘मूड इंडिगो’ महोत्सवातले वादन (२००९) असे प्रसंग वगळता इथल्या श्रोत्यांसाठी फिल्म हीच मैफल राहिली आहे.

गायक पीटर गॅब्रिएल गटात असतानाच्या जेनेसिसचा ‘द लँब लाइज डाउन ऑन ब्रॉडवे’ हा १९७४–७५ चा दौरा सलगपणे चित्रितच झाला नाही. ही या क्षेत्रातील सर्वांत मोठी उणीव होय. प्रेक्षकांनी छोट्या कॅमेऱ्यांवर टिपलेले तुकडे त्याच काळच्या ध्वनिमुद्रणांशी ओळीओळीने जुळवून चाहत्यांनी त्या दौऱ्याचे काही भाग पुन्हा उभे केले आहेत. त्यांत चित्र एका गावचे आणि ध्वनी दुसऱ्या गावचा असे पुष्कळदा घडते.