फोटो हललाय की फोकस चुकलाय?

भिगवणचा फ्लेमिंगो असो की ताडोबातली वाघीण, फोटो जरा मऊ दिसला की बघणारा म्हणतो, "मस्त आहे, पण शार्प नाही." शेरा खोटा नसतो, पण फोटो काढणाऱ्याच्या हाती त्यातून काहीच लागत नाही. कॅमेरा हलला का फोकस चुकला, हे आधी ठरवायला हवं, कारण दोघांचे उपाय वेगळे आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्याला मारक ठरू शकतो.

फोटो १०० टक्क्यांवर मोठा करा आणि थेट डोळ्यातली चमक बघा. उन्हात बसलेल्या खंड्याच्या डोळ्यात एक बारीक पांढरा ठिपका असतो. कॅमेरा हलला असेल तर तो ठिपका ओढला जाऊन लांबट होतो, कधी चक्क रेघ होते. फांदी, पिसं, शेजारचं पान, सगळ्यांच्या कडा त्याच दिशेला ओढलेल्या दिसतात. फोकस चुकला असेल तर ठिपका साधारण गोलच राहतो, नुसता फुगतो. मग फोकस गेला कुठे ते शोधायचं. ताडोबाच्या फोटोंत तो पुष्कळदा वाघापुढच्या गवतावर सापडतो: पातं न् पातं खणखणीत आणि वाघ धूसर!

लांब लेन्सला फोकसची चूक फार लवकर भोवते. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा, ६०० मिमी लेन्स, अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत घेणारं छिद्र) एफ/६.३ आणि पक्षी १० मीटरवर, एवढ्यात शार्प राहणारी पट्टी जेमतेम १० सेंमीची असते. राखी बगळा तोंड तुमच्याकडे करून उभा असेल, तर चोचीचं टोक आणि डोळा दोन्ही त्यात बसवणं अवघडच. अशा वेळी डोळा शार्प आहे ना, एवढंच बघावं. चोचीवरून कुणाला झोडपण्यात अर्थ नाही.

हललेल्या फोटोला शटरचा वेग वाढवायला सांगा. ४०० मिमीला निदान १/४०० सेकंद, उडत्या पक्ष्याला १/२००० च्या आसपास. त्यासाठी आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) चढला तर चढू दे. जिप्सीत असाल तर इंजिन बंद करायला लावा. फोकस चुकलेल्याला मात्र एकच फोकस पॉइंट डोळ्यावर ठेवायला सांगा, आणि उजेड भरपूर असेल तर अ‍ॅपर्चर थोडं बंद करायला, म्हणजे शार्प पट्टी रुंदावते.

निदान चुकलं की पंचाईत होते. हललेल्या फोटोला कुणी "अ‍ॅपर्चर बंद कर" म्हणालं आणि तो बिचारा एफ/५.६ वरून एफ/११ वर गेला, तर छिद्र लहान होऊन उजेड कमी पडतो आणि त्याच आयएसओला १/५०० चं शटर १/१२५ वर येतं. पुढचा फोटो आणखी हलतो आणि शिव्या खाते लेन्स.

डोळा शार्प आणि फक्त पंखांची टोकं विरलेली असतील, तर त्याला दोष म्हणू नका, पक्षी उडतोय! दुपारी उजनीच्या पाण्यावरचे लांबचे पक्षी लहरी-लहरी दिसतात, तो तापलेल्या हवेचा प्रताप. तिथे कुठलंच सेटिंग कामाला येत नाही. सकाळी लवकर होडीत बसायचं आणि पक्ष्याला त्रास न देता जमेल तितकं अंतर कमी करायचं.

व्हॉट्सअ‍ॅपवर दाबून लहान झालेल्या फोटोवरून यातलं काहीच सांगू नये. मूळ फाइल मागा, सोबत शटर, अ‍ॅपर्चर आणि आयएसओचे आकडेही.