मिरची पावडर युनिटची वीजजोडणी आणि ऑटोमेशन पॅनेल: पात्रता, कागदपत्रं, अर्ज

नंदुरबार-दोंडाईचा पट्ट्यात मिरची पावडरचं, रावेर-यावलकडे केळी वेफर्सचं किंवा जळगावात डाळीचं युनिट टाकणारे बरेच जण आधी यंत्रं ठरवतात, मग कर्ज बघतात आणि वीज सगळ्यात शेवटी. माझं आग्रहाचं सांगणं आहे की लोडचा तक्ता (कोणतं यंत्र किती वीज घेतं त्याची यादी) सगळ्यांच्या आधी करा. महावितरणचा अर्ज, बँकेचा प्रकल्प अहवाल आणि पॅनेलवाल्याचं (मोटरी चालवणारं कंट्रोल पॅनेल बनवणाऱ्याचं) कोटेशन या तिन्ही ठिकाणी तोच आकडा लागतो. तो एका ठिकाणी बदलला की बाकी दोन्ही कागद परत फिरतात.

मिरचीचं छोटं युनिट घेऊ. पल्व्हरायझर (दळायचं यंत्र) 20 एचपी, ब्लोअर 5, देठ काढायचं यंत्र 2 आणि चाळणी 1, असे झाले 28 एचपी. एक एचपी म्हणजे 0.746 किलोवॅट, म्हणजे साधारण 21 किलोवॅट. पॅकिंग मशीनला 1 आणि दिवे-पंख्यांना 2 धरले की 24. लघुदाब औद्योगिक दरात 20 किलोवॅटला रेघ आहे. तिच्या वर मागणी आकार (एका वेळी जास्तीत जास्त किती भार घेतला यावरचा आकार) केव्हीएवर लागतो, त्यामुळे पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेतला प्रत्यक्ष कामी येणारा वाटा) सांभाळावाच लागतो आणि तो सुधारणाऱ्या कपॅसिटर पॅनेलचा खर्च पहिल्याच दिवशी धरावा लागतो. कमी लोड दाखवून रेघेखाली राहा, असं कोणी सुचवलं तर ऐकू नका. मीटर कमाल मागणी नोंदवत असतं.

जोडणी कोणाला मिळते

जागेचा मालक अर्ज करू शकतो, आणि मालकाचं संमतीपत्र व भाडेकरार असेल तर भाडेकरूही. त्या जागेवर जुनी थकबाकी नाही ना, हे जागा घेण्याआधीच बघा.

शेतातल्या शेडमध्ये युनिट टाकणाऱ्यांनी एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. कृषिपंपाच्या जोडणीवर गिरणी किंवा पल्व्हरायझर चालवता येत नाही. वीज कायदा 2003 च्या कलम 126 प्रमाणे तो अनधिकृत वापर ठरतो आणि लागू दराच्या दुप्पट आकारणी होते. कधीपासून वापर होता हे ठरवता आलं नाही, तर मागच्या 12 महिन्यांची. शिवाय शेती फीडरवर (शेतीसाठीच्या वीजवाहिनीवर) थ्री फेज दिवसाचे ठराविक तासच असते, तेही पाळीपाळीने. म्हणून जोडणी कोणत्या फीडरवरून मिळणार आणि जवळच्या डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) वाढीव भाराला जागा आहे का, हे अर्जाआधीच शाखा अभियंत्यांना भेटून विचारा.

दरवर्गवारीही आधीच ठरवून घ्या. डाळ, मसाला, वेफर्स हे उद्योगात येतात. शेतमालाचं प्री-कूलिंग आणि शीतगृह मात्र ‘कृषी-इतर’ वर्गात येतं. केळी उत्पादकाला दोन्ही एकाच आवारात करायचं असेल, तर स्वतंत्र मीटरबद्दल लेखी विचारणा करून ठेवावी.

कागदपत्रं

आधार, पॅन, जागेचा सातबारा किंवा मिळकत उतारा, बिगरशेतीचा आदेश असल्यास तो, ग्रामपंचायतीचा नाहरकत दाखला, उद्यम नोंदणी (सूक्ष्म-लघु उद्योगांची सरकारी नोंदणी, ऑनलाइन आणि मोफत), लोडचा तक्ता आणि परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा चाचणी अहवाल. प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आणि एफएसएसएआयची (अन्नसुरक्षेच्या केंद्रीय संस्थेची) नोंदणी किंवा परवाना युनिटला लागतोच, त्यांची तयारी सोबतच सुरू करा. सातबाऱ्यावर वडिलांचं नाव आणि उद्यमवर मुलाचं, असं आपल्याकडे घरोघरी असतं. अशा वेळी संमतीपत्र पहिल्याच दिवशी जोडा.

अर्ज

महावितरणच्या पोर्टलवर नवीन जोडणीचा अर्ज भरा. मग जागेची पाहणी, तांत्रिक व्यवहार्यता, भारमंजुरी आणि फर्म कोटेशन (भरायच्या रकमेचं पत्र) असा क्रम असतो. जोडणीचं शुल्क आणि सुरक्षा ठेव भरली, चाचणी अहवाल दिला, की मीटर बसतं. लाईन वाढवावी लागत नसेल, तर केंद्राच्या 2024 च्या नियमदुरुस्तीप्रमाणे ग्रामीण भागात पूर्ण अर्जापासून 15 दिवसांची मुदत आहे. इथे ‘पूर्ण’ हा शब्द महत्त्वाचा, म्हणून अर्जाची पोच जपून ठेवा. उच्चदाब जोडणी किंवा स्वतःचा ट्रान्सफॉर्मर असेल, तर चार्ज करण्याआधी (त्यात वीज सोडण्याआधी) विद्युत निरीक्षकांची मंजुरी लागते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार ही तिन्ही मंडळं महावितरणच्या जळगाव परिमंडळात येतात.

पॅनेल मागवताना

20 एचपीची मोटर थेट चालू केली तर क्षणभर पूर्ण भाराच्या पाच-सहा पट करंट ओढते आणि गावच्या डीपीवरचे दिवे मिणमिणतात. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये तो साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येतो, सॉफ्ट स्टार्टरने तो हळूहळू चढतो. पण मिरचीत ऑटोमेशनचा खरा फायदा पल्व्हरायझरमध्ये मिरची सोडणाऱ्या फीडरला ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारं उपकरण) लावण्यात आहे. पल्व्हरायझरचा करंट वाढला की फीडरचा वेग आपोआप कमी होतो, मोटर ट्रिप होत नाही, दळण तापत नाही आणि रंग टिकतो.

मोटर आणि स्विचगिअरची क्षमता सहसा 40 अंश तापमान धरून लिहिलेली असते. भुसावळकडचा मे महिना आणि वर पत्र्याची शेड, म्हणजे त्यापेक्षा कितीतरी जास्त. 50 अंशांची मोटर मागा आणि केबल एक साइज वरची घ्या. पॅनेल दळणाच्या खोलीबाहेर ठेवा. बारीक मिरचीने पंख्याची जाळी बुजते, हवा थांबते आणि मग ड्राइव्ह दुपारी बंद पडतो. प्रत्येक मोटरला अर्थिंगच्या दोन स्वतंत्र पट्ट्या हव्यात, त्यात काटकसर नको.

अनुदान

सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या पीएमएफएमई योजनेत (सुरुवात 2020) पात्र प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाख रुपये, कर्जाशी जोडलेलं अनुदान आहे. वय 18 पूर्ण हवं, कुटुंबातून एकच अर्जदार आणि किमान 10 टक्के स्वतःचा हिस्सा. योजनेची मंजूर मुदत 2025-26 पर्यंतची, त्यामुळे सध्या अर्ज घेतात का, हे जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात विचारूनच कोटेशन काढा. पोर्टलवर अर्ज भरायला तिथलेच जिल्हा संसाधन व्यक्ती मदत करतात. ही रक्कम हातात येत नाही. बँकेत राहते आणि तीन वर्षांनी कर्जखात्यात वळती होते, म्हणून सुरुवातीचे हप्ते अनुदान न धरता परवडतात का, ते बघा.

पहिलं बिल आलं की दरवर्गवारी, मंजूर लोड आणि करार मागणी (महावितरणशी ठरलेली कमाल मागणी) हे तीन रकाने मंजुरीपत्राशी ताडून पाहा. फरक दिसला तर त्याच महिन्यात उपविभाग कार्यालयात लेखी अर्ज देऊन पोच घ्या.